वरीलप्रमाणे

कचेरीत बत्तीस वर्षं काढली की हाताला काही सवयी लागतात. निवृत्तीच्या दिवशी साहेब शाल देतात, नारळ देतात, पण त्या सवयी परत मागून घेत नाहीत. माझ्या हाताला ‘वरीलप्रमाणे’ची सवय आहे. रजिस्टरच्या पहिल्या ओळीत पूर्ण नाव, पूर्ण पत्ता, पूर्ण तपशील लिहायचा. दुसऱ्या ओळीपासून खाली नुसतं ‘वरीलप्रमाणे’. फारच घाई असेल तर तेही नाही, फक्त दोन टिंबं. एका वर्षी मी अशीच एक अख्खी गल्ली ‘वरीलप्रमाणे’ शेतकरी करून टाकली होती आणि त्या गल्लीत एक न्हावी, एक शिंपी आणि एक पोस्टमन राहत होता. तक्रार कोणी केली नाही. शिंपी मात्र बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, “बाबू, माहं वावर कोन्या बाजूले हाय, ते तेवढं सांगून ठेवा. पेरनी राह्यली.”

ही गोष्ट मी कित्येक वर्षं लोकांना हसवायला सांगत आलो. हल्ली सांगत नाही.

निवृत्त झाल्यावर पहिले आठ दिवस मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. नवव्या दिवशी बायकोनं मला घराबाहेर काढलं. मी थेट मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचे वडील यवतमाळात रेडिओ दुरुस्त करायचे, तो टेप दुरुस्त करता करता रेकॉर्डिंगवाला झाला. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्यांचे तुकडे ठोकून त्यानं स्टुडिओ केला आहे. भजनी मंडळं येतात, कव्वाल येतात, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बाया येतात. पूर्वी तो त्यांच्या कॅसेटा काढून आठवडी बाजारात विकायचा. आता गाणं एका कंपनीकडे पाठवतो आणि ती कंपनी ते जगातल्या सगळ्या मोबाइलांत सोडते.

पण नुसतं गाणं पाठवून भागत नाही. गाण्यासोबत एक तक्ता जातो, त्याला मेटाडेटा म्हणतात. आमच्याकडच्या माणसाला मी तो असा समजावतो: जिनिंगमधून कापसाची गाठ बांधून निघते तेव्हा तिच्यावर चिठ्ठी असते. कोणत्या जिनिंगची, कोणत्या सालची, नंबर काय. गाठ कुठंही गेली तरी चिठ्ठीवरून तिचं घर सापडतं. गाण्याचं तसंच. गाण्याचं नाव, भाषा, गायक, गीतकार, संगीतकार, हक्क कोणाचे. वर त्या रेकॉर्डिंगचा एक बारा अक्षरी क्रमांक, आयएसआरसी म्हणतात त्याला. दोन अक्षरं देशाची, तीन नोंदणी करणाऱ्याची, दोन आकडे वर्षाचे आणि पाच आकडे खुद्द त्या गाण्याचे. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या गाण्याला द्यायचा नाही, आणि एकाच रेकॉर्डिंगला दोन क्रमांक द्यायचे नाहीत.

मिस्त्रीला आवाज कळतो, रकाने कळत नाहीत. मला रकाने कळतात, आवाज म्हणाल तर सनई आणि दुधाच्या गाडीचा हॉर्न यांत मी अजून गफलत करतो. जोडी जमली. महिन्याभरात मी त्या विषयावर भाषणं द्यायला लागलो. चहाच्या टपरीवर कोणी मोबाइलवर गाणं लावलं की मी विचारायचो, “याचा कोड माहीत आहे का?” लोक हळूहळू टपरी बदलायला लागले.

त्या साली मार्गशीर्षात मिस्त्री राळेगाव तालुक्यातल्या एका गावात लग्नाला ध्वनिक्षेपक घेऊन गेला होता. तिथं हळदीला बायांनी विहिणीला चिडवणारं गाणं म्हटलं. परत आला तो ते गाणं डोक्यात घेऊनच.

“बाबू, हे बाहेर गेलं पाहिजे,” तो म्हणाला. “तू तक्ता घेऊन चल.”

त्या गावात आम्ही एका घरी गेलो. घर दोन भावांचं, आणि त्या दोन भावांच्या बायका सख्ख्या बहिणी, दारव्ह्याच्या. आमच्याकडे सुनेला तिच्या नावानं हाक मारत नाहीत, माहेरच्या गावावरून मारतात. त्यामुळे त्या घरात दोन दारव्हेवाल्या होत्या. थोरली दारव्हेवाली आणि धाकटी दारव्हेवाली असंसुद्धा कोणी म्हणत नसे. गावाला गरज नव्हती. बोलणाऱ्याचा रोख कोणाकडे आहे हे सगळ्यांना आपोआप कळायचं. मी गावचा नव्हतो, आणि एका घरात दोन आहेत का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मिस्त्रीनं रेकॉर्डिंगला जागा कोणती निवडली, तर कापसाची खोली. वेचलेला कापूस चढ्या बाजारभावाची वाट पाहत छताला टेकला होता. मिस्त्रीनं आत उभं राहून एक टाळी वाजवली आणि खूश झाला. “माझ्या गाद्या झक मारतात,” म्हणाला. “इथं आवाज भिंतीवरून परतच येत नाही.”

पाच-सहा बाया कापसाला पाठ टेकून बसल्या. पुढे धाकटी. आवाज असा की मलासुद्धा कळला.

*इहीणबाईचा थाट मोठा, हातात मोबाइल दोन*
*एकात नाही बॅलन्स, दुसरा उचलत नाही कोन*

मी मांडीवर तक्ता घेऊन बसलो होतो. गाणं संपल्यावर विचारलं, “गाणं कोणाचं?”

“दारव्हेवालीचं,” सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

मी धाकटीला विचारलं, “तुम्ही दारव्हेवाली ना?”

“हो.”

“आधार कार्ड आणा.”

तिनं आणलं. हल्ली कोणी आधार कार्ड मागितलं तर माणूस कारण विचारत नाही. सही करताना मात्र तिनं विचारलं, “कायची सही हाय भाऊ?”

“गाण्याची.”

“मंग ठीक हाय. गायलं तं मीच.”

त्या खोलीत कोणीही खोटं बोललं नाही. मी गायिकेच्या रकान्यात तिचं पूर्ण नाव लिहिलं. खालचा रकाना गीतकाराचा. हात आपसूक चालला: वरीलप्रमाणे. त्याच्या खालचा संगीतकाराचा. वरीलप्रमाणे. ज्या कोणी हे रकाने ठरवले त्यांनी दारव्हा किंवा राळेगाव कधी पाहिलं नसेल. पण गाणारी वेगळी आणि करणारी वेगळी असू शकते, एवढं त्यांना समजत होतं, म्हणूनच त्यांनी दोन रकाने आखले. मी इथल्याच मातीतला, आणि मी ते दोन्ही एका शब्दात बुजवले.

अजून दोन गोष्टी त्या दिवशीच्या सांगायच्या आहेत. त्या वगळल्या असत्या तर हे लिहायला सोपं गेलं असतं.

चौथ्या कडव्याला धाकटी अडखळली. ओळ आठवेना. तेवढ्यात दाराजवळून कोणीतरी हळूच म्हणालं, “चपला.” आणि धाकटीनं हसून धरलं:

*चपला ठेवल्या दारात, नजर त्यायच्यावर*
*पंगतीत बसली इहीण, जीव उंबऱ्यावर*

मी मिस्त्रीला म्हणालो, “ते मागून कोणीतरी बोलून राह्यलं, ते काढून टाक.”

मिस्त्री म्हणाला, “राहू दे ना. झकास वाटतं ते.”

“तक्त्यात त्याला रकाना नाही,” मी म्हणालो. त्यानं काढलं.

दुसरी गोष्ट फोटोची. गाण्याला मुखपृष्ठ लागतं म्हणून मी मोबाइलवर बायांचा फोटो काढत होतो. तेव्हा दारातून एक साठीची बाई चहाचा ट्रे घेऊन आत आली. ‘चपला’ म्हणणारी तीच. मी म्हणालो, “बाई, जरा बाजूले व्हा. फोटोत येऊन राह्यल्या.”

“होतो ना भाऊ,” ती म्हणाली, आणि ट्रे घेऊन कापसाच्या ढिगाला खेटून उभी राहिली, माझा फोटो होईपर्यंत. मग तिनं मला चहा दिला. चांगला होता. मी दुसरा कप मागितला.

गाणं गेलं आणि चाललं. लग्नसराईत मांडवामांडवांत वाजू लागलं, बाया विहिणीसमोर मोबाइल नाचवत रील करू लागल्या. एकदा आर्णीच्या बसमध्ये ड्रायव्हरनं लावलं, तर मी कंडक्टरला सांगितलं की याचा कोड मी दिलेला आहे. त्यानं मला तिकीट दिलं आणि पुढे सरकला. मी फुगलो होतो. कंपनीच्या तक्त्यात शेवटी एक प्रश्न होता: हे गाणं दुसऱ्या कोणी गाऊन टाकलं तर काय करावं? चालू द्यावं, कळवावं, की आवाज बंद करावा? मी ‘आवाज बंद करावा’वर खूण केली होती. तिन्हींत तो पर्याय सगळ्यात कडक होता आणि आयुष्यभर कडक व्हायची संधी मला कोणी दिली नव्हती.

एप्रिलमध्ये एक दिवस दुपारी दुकानात धाकटी आली. एकटी, एसटीनं, हातात पिशवी. तिनं पाणी घेतलं नाही. बसलीही नाही.

“गाण्यावरून माहं नाव काढा,” ती म्हणाली.

मला वाटलं, जास्त पैसे मागायला आली आहे. मी खुर्चीत मागे रेललो. “काहून?”

“माहं गाणं नाही ते. माह्या ताईचं हाय. सगळी गाणी तिचीच हायेत. मी नुसती गातो.”

मग तिनं सांगितलं ते असं. फेब्रुवारीत दारव्ह्याला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. हळदीला थोरलीनं स्वतःचं गाणं म्हटलं, चार नवी कडवी घालून. कोणीतरी व्हिडिओ काढून टाकला. संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज गेला. नुसती हलणारी तोंडं आणि खाली सूचना: या गाण्यावर दुसऱ्याचा हक्क आहे. गीतकार अमुक. अमुक म्हणजे धाकटी. मांडवात तो मोबाइल हातोहात फिरला. त्यांची भावजय सगळ्यांसमोर थोरलीला म्हणाली, “लहान्या बहिणीचं गानं, अन् रुबाब तुमचा व्हय.”

“माहेरात म्हन्लं तिले असं,” धाकटी म्हणाली. “तवापासून ताई माह्याशी बोलत नाही. चूल एक, अन् तोंडं दोन बाजूले. पुढच्या महिन्यात माह्या पोरीचं लग्न हाय. ताई म्हणते, हळदीले गाणार नाही. गाणारी तू, करणारी तू, तूच पाह्य.”

आता मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतं. पण मी कचेरीत बत्तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत पाहून कागद पुढे सरकवलेला माणूस. मी संमतीपत्र काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. “बाई, सही तुमची आहे.”

“सही गाण्याची म्हणून घेतली तुमी.”

“नोंद बरोबरच आहे. हे पाहा,” म्हणून मी तिला पडद्यावर तो बारा अक्षरी क्रमांक दाखवला. “एक अक्षर इकडचं तिकडे नाही.”

तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बारा अक्षरं बराबर लिवली,” ती म्हणाली, “अन् बाईचं नाव एक, तेच चुकलं?”

मिस्त्री कोपऱ्यात माइकची तार जोडत होता. त्यानं मान वर केली नाही, पण तार जोडणं थांबलं. मला ते थांबणं ऐकू आलं.

“करून देतो,” मी म्हणालो.

करून दिलं तेही कसं, तर कंपनीला चूक कळवायची म्हणजे चूक कबूल करायची, आणि ते मला नको होतं. म्हणून मी तेच गाणं नव्यानं पाठवलं: गीतकार थोरली, आणि नवा क्रमांक. एका रेकॉर्डिंगला दोन क्रमांक द्यायचे नाहीत, हे टपरीवर ओरडून सांगणारा मीच. दोन दिवसांत यंत्रानं दोन्ही गाणी एकमेकांवर ठेवून पाहिली आणि निकाल दिला: जुनं अस्सल, नवं नक्कल. थोरलीचं नाव पहिल्यांदा जगात गेलं, आणि त्याच आठवड्यात ती लेखी चोर ठरली. धाकटीच्या मुलीनं, म्हणजे नवरीनंच, ते मोबाइलवर वाचलं आणि फोन करून मला एवढंच विचारलं, “काका, तुमी अजून काही करणार हाय का? म्हणजे घरी सांगून ठेवतो.”

मिस्त्रीनं माझा चहा भरला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “बाबू, मशीन से माफी नहीं मांगते. बस पकड. राळेगावची अकराला आहे.”

मी गेलो. राळेगावहून पुढे ऑटो. सोबत दुरुस्तीचा खरा अर्ज होता, पण त्यातही मी एक शहाणपणा केला होता: गीतकार म्हणून दोघींची नावं, निम्मा निम्मा हिस्सा. मला वाटलं दोघीही खूश, आणि माझी चूकही निम्मीच.

त्यांनी मला त्याच खोलीत बसवलं. कापूस विकला गेला होता. खोली रिकामी होती, कोपऱ्यात सरकी चिकटलेले चार बोळे. मी ‘नमस्कार’ म्हणालो तर तो चारी भिंतींना आपटून परत आला. मिस्त्री म्हणाला होता तशी ती खोली आता नव्हती. आता तिथं बोललेलं सगळं दोनदा ऐकू येत होतं.

थोरली खाली बसून सुपात तुरी पाखडत होती. धाकटी तिच्यापासून हातभर अंतरावर, पण तोंड दाराकडे. दोघी माझ्यामार्फत बोलत होत्या.

“भाऊ, तिले इचारा, मी यवतमाळले गेलती का नाही तिच्यासाठी.”

“भाऊ, तिले सांगा, मी पाठवली नव्हती.”

“सांगा तिले, माह्या पोरीनं हळद कोरडी लावून घ्यायची काय?”

“सांगा, गावात गाणाऱ्या लय हायेत. फेमस बी हायेत.”

मी दोघींच्या मध्ये टपालासारखा. शेवटी मी अर्ज पुढे केला आणि निम्म्या हिश्श्याचं सांगितलं.

थोरलीनं सूप खाली ठेवलं. “निम्मं कायले?” ती पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली. “चपला मी केल्या अन् उंबरा तिनं केला काय?”

धाकटी दाराकडे पाहतच म्हणाली, “मले एक अक्षर नको त्यातलं.”

तेव्हा मी बोललो. माझी जन्मभराची सवय, टिंबांची जोडी, शिंप्याचं वावर, सगळं. हसवायला सांगायचो तेच, फक्त या वेळी हसायचं नव्हतं. विचारलं नाही म्हणालो. दोघींच्या घरात बसून चहा प्यालो, दोन कप, आणि गाणं कोणी केलं हे विचारलं नाही. त्या रिकाम्या खोलीत प्रत्येक वाक्य परत येत होतं. ‘विचारलं नाही’ हे शब्द मी एकदाच बोललो, पण ऐकले कितीदा ते सांगता येत नाही.

थोरलीनं विचारलं, “वरीलप्रमाणे म्हंजे, वरती जे हाय तेच खाली?”

“हो.”

“वरती तं मी होती ना भाऊ. मोठी मी हाय.”

 मी निम्म्या हिश्श्याचा अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

मग तिनं सूप पुन्हा उचललं, पण पाखडलं नाही. “अजून एक इचारायचं होतं,” ती म्हणाली. “म्या ‘चपला’ म्हन्लं होतं, ते कुठं गेलं?”

“कुठं म्हणजे?” मी म्हणालो.

“गाण्यात नाही ते. पोरीच्या मोबाइलवर म्या लय खेपा ऐकलं. कान लावून. तिथं आलं की आता येईन, आता येईन. येतच नाही.”

कचेरीत लोकांनी मला शिव्या दिल्या आहेत, एकानं शाईची दौत फेकली आहे. पण एक बाई मोबाइल कानाला लावून आपला एक शब्द शोधत बसली होती आणि तो मी काढायला लावला होता, रकाना नाही म्हणून. हे ऐकताना मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. मी त्या सरकीच्या बोळ्यांकडे पाहिलं.

तिथूनच मिस्त्रीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. “तो ‘चपला’ आहे का रे कुठं?”

“आहे ना,” मिस्त्री म्हणाला. “मिस्त्री कधी काही फेकत नाही. फेकतो तो बाबू.”

धाकटीला हसू आलं. थोरलीलाही आलं असावं, कारण तिनं सूप तोंडासमोर धरलं.

मग अर्ज नव्यानं लिहिला. ‘चपला’सकटचं गाणं हे वेगळं रेकॉर्डिंग, त्याला वेगळा क्रमांक, आणि या वेळी तो नियमानं योग्य होता. जुन्या गाण्याच्या गीतकाराच्या रकान्यात थोरलीचं पूर्ण नाव लिहिलं. संगीतकाराच्या रकान्यातही पूर्ण नाव, पुन्हा, अक्षर अक्षर. वरीलप्रमाणे नाही. मला त्याचं कौतुकही वाटलं. ‘अन्य नाव’ असाही एक रकाना असतो, त्यात तिनं दारव्हेवाली लिहायला लावलं. “दोघी हावो आमी,” ती म्हणाली, “पण हिथं माह्यावाली लिवा.” नक्कल ठरलेली नोंद मागे घेतली, आवाज बंद करण्याची खूणही काढली. शेवटी दुरुस्तीचं कारण निवडायचं होतं. टंकलेखनाची चूक, नावात बदल, वाद, इतर. माझं बोट टंकलेखनाच्या चुकीवर गेलं आणि तिथून उचललं. इतर.

“काय लिहू?” मी थोरलीला विचारलं.

“जे झालं ते लिवा.”

मी लिहिलं: माहिती भरणाऱ्याने विचारले नाही.

दोघी बहिणींची नावं मी या लेखात लिहिलेली नाहीत. जिथं असायला हवी होती तिथून एक मी गाळलं, आता इथं मिरवून काय करू? थोरलीला तसं सांगितलं तेव्हा तीही म्हणाली, “गाण्यात राहू द्या माहं नाव. तुमच्या रडगाण्यात नका टाकू.”

मे महिन्यात लग्नाला मला बोलावणं आलं. कंपनीचं उत्तर आलं होतं, बहुतेक ठिकाणी नाव सुधारलं होतं. काही ठिकाणी जुनंच दिसायचं, आजही दिसतं. सुटलेली गाठ कुठंकुठं गेली हे तिच्या मालकालाही माहीत नसतं. मी जाऊन मांडवाच्या मागच्या खांबाशी बसलो. मला एवढंच पाहायचं होतं की थोरली येते का.

ती आली. हळद लावून झाली, बायांनी तिच्याकडे पाहिलं. धाकटीनं ते गाणं धरायला तोंड उघडलं तर थोरलीनं तिच्याकडे न पाहताच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “ते नको. ते आता मोबाइलात हाय, तिथं राहू दे.” ते गाणं ती त्या दिवशी गायली नाही. पुढेही कधी गायल्याचं मी ऐकलं नाही. त्याबद्दल कोणता अर्ज करायचा मला माहीत नाही. तिनं नवंच धरलं, विहिणीवरून सुरू झालं, आणि तिसऱ्या कडव्याला सगळ्या बायांनी माना वळवून खांबाकडे पाहिलं.

*यवतमाळचे बाबू आले, चष्मा नाकावर*
*बारा अक्षरं पाठ त्यायले, बाई नाही ध्यानावर*

मांडव हसला. नवरी हसता हसता हळदीचा हात डोळ्याला लावून बसली. मी उठून जाऊ शकत होतो, पण ते गाणं माझा पिच्छा कुठं सोडणार होतं? सोबत आलेल्या मिस्त्रीनं मशीन चालू ठेवलं होतं.

नंतर मी वही घेऊन बायांत गेलो. “हे नवं कोणाच्या नावावर लिहू?”

“लिवा वरीलप्रमाणे,” धाकटी म्हणाली. पुन्हा हशा.

मी थोरलीचं पूर्ण नाव लिहिलं, तिला दाखवलं. तिनं बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली. मी सवयीनं वही मिटणार होतो. मग म्हटलं, आता आलोच आहे तर विचारावं. “आणि चाल?”

“चाल मायची हाय,” थोरली म्हणाली.

“कोणाची?”

“आमच्या मायची. दारव्ह्याले जात्यावर म्हणायची ते. आमी शब्द नवे टाकतो, चाल तिचीच.”

मी विचारलं, “पहिल्या गाण्याची?”

“ते बी मायचीच.”

“आक्का, मग त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही?”

 तिला राग आला नव्हता. “तुमी कुठं इचारलं,” ती म्हणाली.

संगीतकाराच्या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं होतं, पूर्ण, अक्षर अक्षर, आणि स्वतःची पाठ थोपटली होती. वरीलप्रमाणेच लिहिलं होतं मी, फक्त जास्त शाई वापरून.

मी वही पुन्हा उघडली. “मायचं नाव काय?”

मायला जाऊन वर्षं झाली होती, आणि तिलाही तिच्या सासरी जन्मभर कोणत्या तरी गावाची वाली म्हणूनच हाक मारलेली. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच, असं मला नवरीनं नंतर सांगितलं. मग दोघी एकदमच बोलल्या, एकच नाव.

मी ते लिहून घेतलं. बरोबर लिहिलं का, म्हणून दोघींना दाखवलं. तो दुसरा अर्ज कंपनीकडे गेलेला आहे, उत्तर यायचं आहे. कारणाच्या रकान्यात मी पुन्हा ‘इतर’ निवडलं आणि पुन्हा तेच वाक्य लिहिलं.